सुटीतले संशोधन, पदरचे पैसे न घालता : इंदूरच्या अकरावी-बारावीतल्या विद्यार्थ्यांसाठी

अकरावीची वार्षिक परीक्षा मार्चमध्ये आटोपते, एप्रिलभर बारावीचा अभ्यास सुरू झाल्यासारखा वाटतो आणि मे उजाडताच शाळा बंद होतात. तिथून जूनच्या मध्यापर्यंत विद्यार्थ्याच्या हाती पाच-सहा आठवडे असतात. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या क्लासेसनी ते आधीच आपापसांत वाटून घेतलेले असतात, ही गोष्ट निराळी. तरीही ज्या मुलाला किंवा मुलीला पुस्तकातल्या विज्ञानापलीकडे जाऊन एखाद्या प्रयोगशाळेत खरे काम करून पाहायचे आहे आणि ज्यांच्या पालकांना त्यासाठी वेगळा खर्च पेलणारा नाही, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

प्रथम पैशांविषयी स्पष्ट बोललेले बरे, कारण बहुतेकांची दिशाभूल तिथेच होते. ब्रिटनमध्ये नफील्ड फाउंडेशनने सुरू केलेली एक योजना आहे. तिच्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना उन्हाळी सुटीत विद्यापीठाच्या किंवा उद्योगाच्या प्रयोगशाळेत खऱ्या प्रकल्पावर काम करायला मिळते, येण्याजाण्याचा खर्च मिळतो आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना प्राधान्य असते. इंटरनेटवर शोध घेतला की अशा परदेशी योजनांची माहिती आधी समोर येते आणि आपल्याकडेही तसाच एखादा अर्ज भरायचा असेल, अशी समजूत होते. प्रत्यक्षात आपल्याकडे शाळकरी विद्यार्थ्याला मिळणारा पैसा बहुधा विद्यावेतनाच्या रूपात येत नाही. तो कुठे शिबिराच्या खर्चाच्या रूपात येतो, कुठे कल्पनेला मिळालेल्या अनुदानाच्या, तर कुठे बक्षिसाच्या. प्रयोगशाळेतली जागा आणि तिच्यासाठी लागणारा पैसा या दोन गोष्टी वेगवेगळ्या मिळवाव्या लागतात, हे एकदा लक्षात घेतले की पुढची धावपळ निम्मी होते.

ज्या सरकारी योजनांत विद्यार्थ्याला पदरचे काही घालावे लागत नाही, त्यांपैकी इस्रोची ‘युविका’ सर्वांत परिचित आहे. २०१९ मध्ये सुरू झालेले हे निवासी शिबिर साधारण दोन आठवड्यांचे असते. प्रवास, निवास आणि भोजन यांचा खर्च इस्रो करते आणि इंदूरहून जवळचे केंद्र म्हणजे अहमदाबादचे स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर. मात्र हे शिबिर नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असते, त्यामुळे अकरावीतल्या वाचकाने ही माहिती धाकट्या भावंडासाठी ठेवावी. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ या विज्ञान-प्रोत्साहन कार्यक्रमातल्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत शाळा आपल्या विद्यार्थ्यांच्या कल्पना पाठवते आणि निवडलेल्या प्रत्येक कल्पनेसाठी दहा हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. यात विद्यार्थ्याला स्वतः अर्ज करता येत नाही, नामांकन शाळेकडूनच व्हावे लागते. म्हणून आपल्या शाळेची नोंदणी झालेली आहे की नाही, हे सत्राच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे. अनेक शाळांत ही जागा केवळ कोणी विचारले नाही म्हणून रिकामी जाते. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, दरवर्षी नवकल्पनांची स्पर्धा घेते आणि तिचे पहिले बक्षीस एक लाख रुपयांचे असते. नववी ते बारावीतल्या मुलींनी ‘विज्ञान ज्योती’ ही मुलींना विज्ञानाकडे वळवणारी सरकारी योजना आपल्या जिल्ह्यात चालते का, याची चौकशी अवश्य करावी.

जुन्या माहितीपत्रकांत ‘किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना’ हे नाव अजूनही दिसते. १९९९ मध्ये सुरू झालेली ही शिष्यवृत्ती २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन करण्यात आली, त्यामुळे तिच्या तयारीच्या नावाखाली कोणी शुल्क मागत असेल तर तिथूनच परतावे. इन्स्पायरची उच्चशिक्षण शिष्यवृत्ती मात्र बारावीच्या विद्यार्थ्याने आताच ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बोर्डाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्याला वर्षाला ऐंशी हजार रुपये मिळतात आणि त्यांतले वीस हजार खास उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. शाळेत असताना केलेला एखादा छोटा प्रकल्प पुढे त्या उन्हाळी कामासाठी मार्गदर्शक शोधताना फार उपयोगी पडतो.

आता इंदूर शहराकडे वळू. खंडवा रोड या एकाच रस्त्यावर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर आहे, त्याच परिसरात यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संकुल आहे, थोडे पुढे राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था आहे आणि शहर मागे टाकून पुढे गेले की सिमरोलला आयआयटी लागते. भंवरकुआँजवळ १८९१ मध्ये स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय आहे, शहरात १९५२ पासूनचे एसजीएसआयटीएस हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि दुसऱ्या टोकाला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, ज्याला गावात अजूनही सगळे ‘कॅट’ म्हणतात. नावांचा हा दबदबा पाहून विद्यार्थी सर्वांत मोठ्या संस्थेला पहिले पत्र लिहितात आणि उत्तर आले नाही की खट्टू होतात. माझा सल्ला उलटा आहे. पहिले दार महाविद्यालयाच्या विभागाचे ठोठवावे. मोठ्या केंद्रीय संस्थेत अल्पवयीन मुलाला आत घ्यायचे तर सुरक्षा पास, संचालकांची परवानगी, विमा असे बरेच सोपस्कार असतात आणि एकट्या शास्त्रज्ञाची इच्छा असून भागत नाही. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना विभागप्रमुखांच्या होकारावर एखाद्या विद्यार्थ्याला चार आठवडे कोपऱ्यातले एक टेबल देणे त्या मानाने सोपे जाते.

कॅटविषयी जरा सविस्तर सांगायला हवे, कारण इंदूरच्या हुशार मुलांचे पहिले स्वप्न बहुधा तेच असते. इंडस-१ आणि इंडस-२ हे दोन सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेगाने वर्तुळात फिरवणारी यंत्रे, तिथे आहेत. दुसऱ्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जाते आणि त्यातून निघणारे क्ष-किरण वापरून पदार्थांची रचना तपासली जाते. अशा जागी काम करण्यावर कायद्याचीच मर्यादा आहे. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला किरणोत्सर्गाच्या कामावर नेमता येत नाही आणि सोळा वर्षांखालील व्यक्तीला प्रशिक्षणार्थी म्हणूनही घेता येत नाही. त्यामुळे अकरावीतल्या मुलाने तिथे प्रयोगाची जागा मागण्यापेक्षा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास शाळेमार्फत भेटीसाठी नाव द्यावे, तिथल्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारावेत आणि कोणाशी ओळख झाली तर पुढे वाचन किंवा माहितीचे विश्लेषण अशा कामापुरते मार्गदर्शन मागावे. इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांनाही हाच विचार लागू होतो, कारण चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक प्रक्रियांत कामाला लावण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मनाई आहे.

जागा कोणाकडे मागायची हे ठरवण्याआधी काय करायचे आहे, ते ठरले पाहिजे. ‘मला नॅनोटेक्नॉलॉजीत रुची आहे’ असे लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही, कारण त्यावर प्राध्यापकांनी नेमके काय करावे, हेच त्यात नसते. प्रश्न लहान हवा, चार आठवड्यांत संपणारा हवा आणि त्यात अशी एक तरी गोष्ट हवी, जी घरी नाही आणि प्रयोगशाळेत आहे. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण प्रयोगशाळेची गरज तुम्हाला का आहे, याचे उत्तर तिच्यातच असते.

माळव्यातलेच उदाहरण घेऊ. जूनच्या मध्यापासून इथे सोयाबीनची पेरणी सुरू होते आणि त्याआधी शहाणा शेतकरी घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासून घेतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, अधूनमधून पाणी शिंपडायचे आणि आठवडाभराने चांगले मोड आलेले दाणे मोजायचे, इतकी ती साधी रीत आहे. प्रमाणित बियाण्यासाठी किमान सत्तर टक्के उगवण लागते. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि भावी मूळ त्या टरफलाच्या अगदी लगत असते, म्हणून पोती आदळली तर बियाणे आतून दुखावते, असे जाणकार सांगतात. आता प्रश्न असा घ्यावा : एकाच पोत्यातले बियाणे खांद्याच्या उंचीवरून पाच वेळा टाकले, तर उगवण किती घटते?

हा प्रयोग घरी सुरू करता येतो आणि करावाच. परंतु मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, गोणपाट दुपारपर्यंत सुकते आणि उगवण कमी आली ती आदळल्यामुळे की उन्हामुळे, हे सांगता येत नाही. बियाणे प्रयोगशाळेत जर्मिनेटर नावाचे कपाट असते. त्यात तापमान पंचवीस अंशांवर स्थिर ठेवता येते. घरी नसलेली वस्तू ती हीच. दुसरी अडचण संख्येची आहे. शंभर दाण्यांतून एकदा अठ्ठ्याहत्तर आणि एकदा ब्याऐंशी उगवले, तर त्या फरकाला काही अर्थ नाही, कारण उगवण ऐंशी टक्क्यांच्या आसपास असताना शंभर दाण्यांच्या चाचणीत चार टक्के इकडे-तिकडे होणे निव्वळ योगायोगाने घडते. चारशे दाणे घेतले की हा डळमळीतपणा निम्म्यावर, म्हणजे दोन टक्क्यांवर येतो. म्हणूनच बियाणे प्रयोगशाळेत शंभर-शंभरच्या चार चाचण्या लावण्याची पद्धत आहे. अकरावीच्या संख्याशास्त्रात प्रमाण विचलनाचा धडा असतो. तो कशासाठी शिकवतात, हे इथे आपोआप कळते.

विषय शेतीचाच असला पाहिजे, असे नाही. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर या दोन्हींना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, दर्जा मिळाला. तिथले पाणी, शेवाळ आणि पक्षी यांवर प्रश्न सुचायला एक रविवार पुरतो. कान्ह नदीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन सकाळी आणि दुपारी किती बदलतो, हा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी पेलणारा प्रश्न आहे. देवगुराडियाच्या प्रकल्पात शहराच्या ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार होतो; घरच्या कचऱ्यातल्या कोणत्या भागातून किती वायू निघतो, हे बाटलीच्या मापावर तपासता येते. ज्याला संगणकाचीच आवड आहे, त्याने प्राध्यापकांकडे जागा मागण्याऐवजी त्यांच्याकडे साठलेल्या, पण कोणी न उलगडलेल्या नोंदी मागाव्यात. तसल्या नोंदी प्रत्येक विभागात पडून असतात.

एक गोष्ट मात्र टाळावी. मोबाइलवरचे किंवा दाराच्या मुठीवरचे जंतू घरी वाढवून पाहण्याचा प्रयोग मुलांना फार आवडतो; परंतु आयरिस या राष्ट्रीय विज्ञान मेळाव्यातून ज्या आंतरराष्ट्रीय आयसेफ स्पर्धेसाठी निवड होते, तिच्या नियमांनुसार घरात जंतूंची वाढ करता येत नाही आणि माणसांवर किंवा पृष्ठवंशीय प्राण्यांवर प्रयोग करायचा तर तो सुरू करण्याआधी मंजुरी घ्यावी लागते. आधी प्रयोग आणि मग परवानगी, असे चालत नाही. चांगले काम त्या एका कारणाने बाद होते.

पत्र जानेवारीअखेरीपासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पाठवावे. एप्रिलमध्ये प्राध्यापक उत्तरपत्रिकांत बुडालेले असतात. एकच मजकूर एकाच वेळी वीस जणांना पाठवला, तर तो ओळखू येतो आणि वीसही जण तो बाजूला टाकतात. पाच-सहा जण निवडावेत, प्रत्येकाचे काम विभागाच्या संकेतस्थळावर वाचावे आणि प्रत्येकाला वेगळे पत्र लिहावे. भाषा इंग्रजी किंवा हिंदी, जी आपल्याला नीट लिहिता येते ती. मजकूर मात्र साधारण असा असावा :

‘आदरणीय महोदया, मी इंदूर येथे अकरावीत जीवशास्त्र आणि गणित शिकते आहे. आदळलेल्या आणि न आदळलेल्या सोयाबीन बियाण्याची उगवण मी घरी गोणपाटावर तपासली. नोंदी सोबत जोडल्या आहेत. घरातले तापमान दिवसभर बदलत राहिल्यामुळे या निष्कर्षावर माझा स्वतःचाच विश्वास नाही. आपल्या विभागातील जर्मिनेटरमध्ये हीच चाचणी शंभर दाण्यांच्या चार संचांवर करण्याची परवानगी मिळू शकेल का? मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून चार आठवडे मी रोज सकाळी दहा ते एक येऊ शकते. दाणे मोजणे, भांडी धुणे, नोंदी उतरवणे अशी विभागातली इतर कामेही मी करीन. शाळेचे पत्र आणि पालकांचे संमतिपत्र आपण सांगाल तेव्हा सादर करते.’

या पत्राची ताकद चौथ्या वाक्यात आहे. आपल्याच निष्कर्षावर शंका घेणारी विद्यार्थिनी प्राध्यापकांना क्वचित भेटते. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा नम्र स्मरणपत्र पाठवावे आणि तरीही काही हालचाल दिसली नाही तर छापील प्रत घेऊन विभागात समक्ष जावे. इंदूरमध्ये समक्ष भेटीला अजूनही मान आहे. पालकांनी सोबत जायला हरकत नाही, परंतु बोलणे विद्यार्थ्यानेच करावे. वडील बोलतात आणि मुलगा खाली मान घालून बसतो, हे दृश्य पाहिले की प्राध्यापकांचा उत्साह मावळतो.

होकार मिळाल्यावर पैशांचा विषय काढावा, आधी नाही. पण काढावा जरूर. संकोचापोटी गप्प बसलेला मुलगा तिसऱ्या आठवड्यात बसभाड्यापायी येणे बंद करतो, हे कोणालाच नको असते. शासकीय प्रकल्पाच्या निधीतून अल्पवयीन विद्यार्थ्याला विद्यावेतन देणे प्राध्यापकांना नियमांमुळे सहसा जमत नाही, म्हणून त्यांना ते न मागता प्रयोगाचे साहित्य विभागाकडून मिळेल का, एवढेच विचारावे. रसायने, काचेची भांडी आणि चाचणीचा कागद यांचा खर्च बसभाड्याहून मोठा असतो. प्रवास आणि दुपारचे खाणे यांसाठी शाळेकडे, माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेकडे किंवा शहरातल्या मराठी मंडळांकडे आणि न्यासांकडे एका पानाचा अर्ज करावा आणि त्यात दिवस, अंतर, भाडे असा हिशेब मांडावा. ‘आर्थिक साहाय्य मिळावे’ या मोघम विनंतीपेक्षा ‘वीस दिवसांचे बसभाडे इतके रुपये’ ही मागणी मंजूर करणे समितीला सोपे जाते. सिमरोलला जायचे असेल तर हा हिशेब आधीच करावा, कारण शहरापासून ते अंतर वीस-पंचवीस किलोमीटर आहे. विद्यार्थ्याचे स्वतःचे बँक खाते नसेल तर ते याच सुमारास उघडून आधारशी जोडून घ्यावे. दहा वर्षांपुढील मुलांना स्वतःच्या नावाने बचत खाते चालवता येते आणि सरकारी अनुदाने त्याच वाटेने येतात.

याच्या नेमकी उलट जाहिरात हल्ली फार दिसते. ‘आंतरराष्ट्रीय मार्गदर्शकाखाली संशोधन करा, शोधनिबंध प्रकाशित करून देऊ’ असे सांगून हजारो, कधी लाखो रुपये घेतले जातात. माझा नियम साधा आहे : ज्या संशोधनासाठी शाळकरी मुलालाच पैसे मोजावे लागतात, त्याला मी शिकवणी म्हणतो, आणि शिकवणी म्हणून ती परवडत असेल तर खुशाल घ्यावी. प्रकाशनाची हमी देणाऱ्याकडे मात्र फिरकू नये. निबंध स्वीकारायचा की नाही, हे परीक्षक ठरवतात. त्याची हमी आधीच मिळत असेल, तर परीक्षण होतच नाही असे समजावे.

काम सुरू झाले की पहिल्याच दिवशी शिवलेली, पृष्ठांकित वही घ्यावी. सुटे कागद नकोत, पेन्सिल नको, खोडरबर तर नकोच. चुकलेला आकडा एका रेघेने असा खोडावा की तो वाचता येईल. प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ लिहावी, तसेच वीज गेली, कपाटाचे दार रात्रभर उघडे राहिले, दाण्यांना बुरशी लागली, हेही लिहावे. पहिला आठवडा बहुधा भांडी धुण्यात आणि पाहण्यात जातो. त्याची तक्रार करू नये, कारण कोणती वस्तू कुठे असते आणि कोणाला कधी विचारायचे नाही, हे त्याच आठवड्यात कळते. चप्पल घालून प्रयोगशाळेत जाऊ नये, केस बांधावेत आणि एकटे असताना कोणतेही रसायन उघडू नये. मार्गदर्शकांनी दर आठवड्याला पंधरा मिनिटे दिली तरी ती पुष्कळ आहेत, मात्र त्या पंधरा मिनिटांसाठी आलेख तयार असावा.

शेवटच्या आठवड्यात नवी चाचणी लावू नये. तो लेखनासाठी ठेवावा. चार पानांत प्रश्न, पद्धत, नोंदी आणि कशाची खात्री नाही ते लिहावे आणि हे टिपण वहीच्या छायाप्रतीसह विभागात ठेवून यावे. मूळ वहीवर विभागाचा हक्क आहे का, हे विचारून घ्यावे. प्रमाणपत्र मागताना त्यात कामाचा कालावधी, एकूण तास आणि प्रत्यक्ष केलेले काम स्पष्ट लिहिण्याची विनंती करावी. ‘प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण केला’ एवढ्याच ओळीचा पुढे काही उपयोग होत नाही. ज्या संस्थेने बसभाडे दिले, तिला तिकिटांचा हिशेब आणि टिपणाची एक प्रत जूनअखेरपर्यंत पोहोचवावी, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाचा अर्ज आला तर त्यांना मागचा कागद हाताशी मिळतो.